आमच्या साडूंचं गेज

आमच्या साडूंसारखा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि नाही हे बरंच आहे. दोन असते तर मला दोघांचाही हेवा करावा लागला असता, आणि एकाचा करता करताच माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. हेवा हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. लोक अशा ठिकाणी कौतुकमिश्रित आश्चर्य वगैरे म्हणतात. माझ्या पोटात जे दुखत होतं त्यात कौतुक फार थोडं होतं.

आम्ही दोघे जयसिंगपूरच्या एकाच घरचे जावई. थोरली मुलगी मला दिली, धाकटी त्यांना. सासऱ्यांचं पेठेत खतं-बियाणांचं दुकान. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरचा प्राध्यापक, एम.ई., तेही पहिल्या वर्गात. साडू डिप्लोमावाले, आणि तो डिप्लोमाही त्यांनी सावकाश, दोन वर्षं जास्त घेऊन केलेला. उद्यमनगरात वडिलांचं वर्कशॉप होतं, तिथे ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनवायचे. म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे कुणी सांगायची गरजच नव्हती. सासरे दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्या अभिमानानं सांगत, "हे आमचे थोरले जावई. कॉलेजात कॉम्प्युटरचे प्रोफेसर." मग जरा थांबून म्हणत, "आणि हे धाकटे." तो जरासा थांबा मला फार गोड लागायचा.

साडूंच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्नियर कॅलिपर असायचा. लोखंडाची जाडी मोजायचं ते हत्यार ते घरात, देवळात, लग्नात सगळीकडे घेऊन जायचे आणि दिसेल ती वस्तू मोजायचे. मेहुण्याच्या साखरपुड्याला त्यांनी पेढे मोजले आणि हलवायाला बोलावून सांगितलं की तुझा हात उजवीकडं जड हाय. आमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गुरुजी आत बसलेले, पाहुणे दारात, आणि साडू उंबऱ्यावर उभे राहून चौकट मोजत होते. "पावणं," त्यांनी वर्कशॉपातल्या आवाजात विचारलं, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "चौकट कुणी बसिवली? वरच्या अंगाला दोन सूत तिरकी हाय की!" दोन सूत म्हणजे पाव इंच. पाव इंचानं कुणाचं काय बिघडतं? पण त्या दिवशी आलेला प्रत्येक पाहुणा आधी चौकट बघून मगच आत आला. तेव्हापासून ते दार उघडताना मला रोज ती तिरकी दिसते. आणि ती खरोखरच तिरकी आहे, हे मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

त्यांची सगळ्यात मोठी भक्ती गेजवर. गेज म्हणजे पोलादाचा एक दांडका. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये, म्हणजे भोक बरोबर पडलं. उद्यमनगरात एका शेडमध्ये पिस्टन व्हायचा, दुसऱ्यात लायनर, तिसऱ्यात इंजिन जोडलं जायचं, आणि हे सगळं एकमेकांत बसायचं ते सगळ्यांची गेजं सारखी म्हणून. साडूंच्या वडिलांनी घरात एक रीत घालून दिली होती. नवं गेज केलं की ते आपण तपासायचं नाही. समोरच्या शेडमध्ये त्यांचा जन्माचा प्रतिस्पर्धी होता, त्याच्याकडे न्यायचं. "आपलं गेज आपल्याला बरोबरच दिसतंय," साडू सांगायचे. "ज्याला आपली चूक घावली की आनंद हुतो, त्याच्याकडंच न्यायला पायजे." हे मला त्यांचं नेहमीचं विक्षिप्त बोलणं वाटायचं, आणि मी मान डोलवून चहा प्यायचो.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा साडूंनी कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला, कोणता साचा कुठल्या फळीवर आहे याची यादी ठेवायला. प्रोग्रॅम लिहायचं शिकवा म्हणून माझ्याकडे आले. मी विद्वानाच्या मोठ्या मनानं त्यांना माझ्याकडचं सगळ्यात जाडजूड पुस्तक दिलं. आठवड्यात परत येईल अशी माझी खात्री होती. ते महिन्यानं परत आलं, आणि त्यात पेन्सिलीनं अकरा ठिकाणी खुणा होत्या. ते अकरा प्रोग्रॅम छापलेत तसे चालत नव्हते. त्याच पुस्तकावरून मी सहा वर्षं शिकवत होतो.

मग त्यांनी टेलिफोनच्या वायरीवरून इंटरनेट घेतलं आणि त्यांना ती मंडळी सापडली. बँका, विमा, रेल्वे, पेन्शन असले मोठे कारभार चालवणारे प्रोग्रॅम तेव्हा ज्या कंपनीच्या मशीनसाठी लिहिले त्याच मशीनवर चालत. दुसरीकडे न्यायचे तर निम्मे नव्यानं लिहावे लागत. म्हणून जगभरची काही माणसं एकत्र येऊन नियम ठरवत होती. हे नियम पाळून प्रोग्रॅम लिहिला तर तो कुठल्याही कंपनीच्या मशीनवर चालावा. आणि हे सगळं उघड्यावर. नियमाचा मसुदा कुणीही वाचावा, कुणीही हरकत घ्यावी, हरकतीला उत्तर मिळेपर्यंत कलम पुढे सरकायचं नाही. नियमांबरोबरचा प्रोग्रॅमही सगळ्यांना फुकट, हवा त्यानं बदलावा. मी हे वर्गात शिकवताना 'एक स्तुत्य प्रयोग' म्हणून दोन वाक्यांत उरकत असे. साडूंनी मात्र मांडीवर थाप मारली. "आवो पावणं, ही तर उद्यमनगरची गोष्ट झाली की! ह्यास्नी गेज पायजे."

आणि ते लिहायला लागले. एका बोटानं, आणि असल्या इंग्रजीत की वाक्यात क्रियापद शेवटी यायचं. मसुदे ते लांबलचक कागदावर छापून घ्यायचे आणि लेथच्या आवाजावर आवाज चढवून उभ्यानं मोठ्यानं वाचायचे. कामगारांना एक अक्षर कळत नसे, पण कलम चुकीचं असलं की मालकांचा आवाज बदलतो एवढं त्यांना समजायला लागलं होतं. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या इंग्रजीची नक्कल करून दाखवायचो. सगळे पोट धरून हसायचे. ते दिवस चांगले होते.

बिघडलं ते एका कलमावरून. मोठमोठ्या देशांतल्या त्या विद्वानांनी सगळे नियम असे धरून लिहिले होते की मशीन चालू आहे ते चालूच राहणार. साडूंनी साधा प्रश्न टाकला, काम अर्धं झालंय आणि लाइट गेली तर? तिकडून उत्तर आलं की असं सहसा होत नाही. साडूंनी लिहिलं, आमच्याकडे रोज होतं. आणि त्यांनी एक कलम सुचवलं. मशीन बंद पडणारच असं धरून चालायचं. काम सुरू करण्याआधी काय करणार ते नोंदवून ठेवायचं, झालं की खूण करायची, मशीन पुन्हा उठलं की पहिल्यांदा नोंद बघायची, आणि अर्धं राहिलेलं एकतर पुरं करायचं नाहीतर पुसून टाकायचं. मी ते वाचून हसणार होतो, पण हसायला जागा सापडेना. आठवड्यात चार देशांतल्या लोकांनी 'हे आम्हाला का सुचलं नाही' असं लिहिलं. मलाही सुचलं नव्हतं. मी एम.ई., मीही कोल्हापुरातच राहतो, आणि लाइट माझ्याकडेही जाते.

त्यानंतर त्यांचं प्रस्थ वाढतच गेलं. या मंडळींची फोनवर बैठक व्हायची, आणि ती नेमकी आपल्याकडच्या संध्याकाळी. साडूंच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवायचा जैनांचा नियम पक्का. तो नियम आमच्याही घरात आहे, पण मी तो कॉलेजच्या सबबीवर कधीच सोडला. तर दुसऱ्याच बैठकीत साडू ऐन चर्चेत म्हणाले की सूर्य खाली चाललाय, मी जेवायला जातो. आणि गेले. पुढच्या महिन्यापासून सात देशांनी बैठकीची वेळ बदलली. आमच्या कॉलेजात मी ताप आला म्हणून मीटिंग अर्धा तास पुढे ढकला म्हटलं होतं, तर मला ताप उतरल्यावर मेमो मिळाला होता.

आणि मग दिवाळीला जयसिंगपूरच्या दुकानात ते घडलं. हातकणंगल्याचे कुणी ओळखीचे आले होते. सासरे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हे आमचे धाकटे जावई. जगातल्या कॉम्प्युटरास्नी नियम घालून देत्यात." मग जरा थांबले. "आणि हे थोरले."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, मी पित्त झालंय म्हणून सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मला त्या नियमांमध्ये माझं नाव हवं होतं. शेवटच्या पानावर, ज्यांचे आभार मानतात त्या यादीत, साडूंच्या वर. पण आता स्वतःच्या नावानं तिथे जायचं म्हणजे त्यांचं बोट धरून गेल्यासारखं झालं असतं. तेव्हा मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो. मी खोट्या नावानं त्या मंडळींत शिरलो आणि साडूंच्या कलमाला विरोध करायला लागलो. नाव परदेशी हवं होतं. मला पटकन सुचेना. टेबलाखाली उन्हाळ्यात आलेली आंब्याची रिकामी पेटी रद्दी ठेवायला ठेवली होती, तिच्यावर इंग्रजीत हापूसचं साहेबी नाव छापलं होतं. मी लिहिलं, ए. अल्फान्सो, मुक्काम लिस्बन.

अल्फान्सोनं तीन वर्षं साडूंना सुखानं बसू दिलं नाही. इतकं बारकाईनं मी माझा स्वतःचा प्रबंधही वाचला नव्हता. पहिली हरकत घेतली, नोंद लिहिता लिहिताच लाइट गेली तर? मला वाटलं, मारला. साडूंनी दोन दिवसांनी नम्रपणे आभार मानून कलमात दोन ओळी घातल्या, आणि कलम आधीपेक्षा घट्ट झालं. दुसरी हरकत घेतली की हे पाळलं की नाही हे तपासणार कसं, नुसत्या शब्दांना काय किंमत? तेव्हा साडूंनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांपुढे ठेवला. तो ऐन कामात मशीन मध्येच बंद पाडायचा, परत उठवायचा आणि काय शिल्लक राहिलं ते बघायचा. त्यांनी त्याला नाव दिलं 'गेज'. त्यात जो प्रोग्रॅम टिकला तो पास. मंडळी बेहद्द खूश झाली. मी खोड काढावी, त्यांनी ती दुरुस्त करावी, आणि त्यांचीच शोभा वाढावी, असं तीन वर्षं चाललं. बायको म्हणायची, हल्ली तुम्ही किती अभ्यास करता.

नियम मंजूर झाले तेव्हा उन्हाळा होता. साडू स्कूटरवरून आमच्या घरी आले. हातात कागदांची गुंडाळी, पायाशी आंब्याची पेटी. दारातून आत येताना त्यांनी चौकटीकडे एकदा वर बघितलं, पण काही बोलले नाहीत. त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. आभारांच्या यादीत त्या कलमापुढे दोनच नावं होती, साडूंचं आणि ए. अल्फान्सोचं. माझी बायको चहा टाकायला आत गेली, आणि साडूंनी आवाज खाली आणला. त्यांना आवाज खाली आणता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"पावणं, हे नाव दुरुस्त करून घ्या की. एक मेल टाकला की झालं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. कसलं नाव, असं मी म्हणून बघितलं.

"आवो, लिस्बनच्या माणसाला सोमवारी सकाळी कदी मेल करता येत न्हाय, कारण तुमच्या राजारामपुरीत सोमवारी सकाळी लाइट नसती. तीन वरसं बगतोय न्हवं मी." ते हसले. "आणि पेटी तर मीच पाठिवलीवती की."

"मग इतके दिवस बोलला का नाही?" मी विचारलं. मला वाटलं होतं ते आता मला फाडून खातील.

"कशाला बोलू? वडलांनी सांगितलंय, आपलं गेज आपण तपासायचं न्हाय. आनंदानं चूक काडणारा माणूस लई अवघड घावतोय. माझ्या तर घरातच घावला. सोडतोय व्हय मी?" मग कागदाची कड अंगठ्यानं सरळ करत म्हणाले, "खरं सांगतो, ह्या जगात माझं लिवलेलं एवडं मन लावून कुणी वाचलं न्हाय. बायकोनंबी न्हाय."

तेवढ्यात चहा आला आणि त्यांनी आवाज पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत नेला.

तो मेल मी टाकला नाही. टाकायला बसलो होतो, दोनदा. पण त्यात लिहिणार काय? की तीन वर्षं ज्यानं छळलं तो माझाच नातेवाईक, आणि कारण एवढंच की सासऱ्यांनी दुकानात मला नुसतं थोरले म्हटलं? तेव्हा आजही त्या यादीत माझ्या जागी एक आंबा बसलेला आहे. साडूंनी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही, आणि घरात कुणाला कळलंही नाही. त्यांच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला, हे वेगळं सांगायला नको.

पुढचं दशक संपायला आलं तेव्हा क्लाउडचं वारं सुटलं. आपलं मशीन आपल्याजवळ नाहीच, कुठेतरी लांब हजारो मशीनं आहेत, त्यातली लागतील तेवढी घ्यायची. मी साडूंना ते समजावून सांगितलं, तर म्हणाले, "गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याला इचारा, ढगावर भरवसा ठेवावा का म्हून." पण गंमत अशी की नव्या पोरांनी पहिलाच नियम केला तो साडूंचा. कुठलंही मशीन केव्हाही जाणारच, असं धरून प्रोग्रॅम लिहायचे. त्यांना वाटलं ही नवी गोष्ट आहे. मला कॉलेजात ती शिकवताना घसा जरा खाकरावा लागे.

साडूंना ते फारसं बघता आलं नाही. वर्कशॉपातल्या भट्टीच्या उजेडानं म्हणा, साखरेनं म्हणा, त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. वर्कशॉप पुतण्याकडे गेलं, मंडळींतलं लिहिणं थांबलं. आता मैदान मोकळं होतं. मी नव्या मसुद्यासाठी एक कलम लिहिलं आणि आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या संपूर्ण नावानं, खाली कोल्हापूर घालून पाठवलं. मशीनच नाहीसं झालं तर त्याच्यावरची नोंदही जाईल, म्हणून नोंद दुसऱ्या मशीनवर ठेवावी. चाळीस ओळींचं कलम. मी आठ दिवस वाट बघितली. तिघांनी 'छान' लिहिलं. हरकत कुणीच घेतली नाही. मला हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि मला काही केल्या चैन पडेना.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी असते. दुपारी मी गेलो तेव्हा शेड शांत होती आणि साडू एकटेच ऑफिसात बसून हातातल्या गेजवरून अंगठा फिरवत होते. मी विचारलं, "माझं कलम ऐकलं का?"

"ऐकलं की. बायकोनं दोनदा वाचून दाखिवलं. खोट हाय त्यात."

"मग कळवलं का नाही?"

"तुमचं नाव पैल्यांदाच आलंय," ते म्हणाले. "लगीच कशाला आडवं जायचं?"

मी त्यांच्या पहिल्या कलमाचं काय केलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. "सांगा," मी म्हटलं. "मी टाइप करतो."

"तुमच्याच कलमाला?"

"आपलं गेज आपण तपासायचं नाही ना?"

ते सांगायला लागले. जास्त काही नव्हतं. नोंद दुसऱ्या मशीनवर ठेवली, पण ती दोन्ही मशीनं एकाच फीडरवर, म्हणजे विजेच्या एकाच लाइनवर, असली तर? लाइट गेली तर दोन्ही एकदमच जातील. तेव्हा कलमात म्हणावं की दुसरं मशीन दुसऱ्या लाइनवरचं हवं. चार ओळी. माझ्या चाळीस ओळींना त्या पुरून उरल्या. माझ्या पोटात ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, आणि इतक्या दिवसांनी उठलं म्हणून बरंही वाटलं. मी खाली साडूंचं नाव टाइप करायला घेतलं, पहिली दोन अक्षरं झाली, आणि लाइट गेली.

पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा गरगरत गरगरत थांबला. मला उगाच हळहळ वाटली, म्हणून मी चिडून म्हणालो, "गेलं सगळं."

"कुठं जातंय?" साडू म्हणाले. "बसा की. लाइट आली की तितनंच सुरू करू."

खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते माझ्या दिशेनं, पण जरा बाजूला बघत होते. त्यांनी चाचपडत गेज माझ्या हातात दिलं. अंगठ्याच्या घासण्यानं ते गुळगुळीत झालेलं होतं. बाहेर एकही लेथ चालू नव्हती. लाइट एवढ्यात येऊ नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.